मायबाप नव्हे, कारभारी!

२५ नोव्हेंबर १९४९ चा दिवस. दिल्लीत घटना समितीचे काम संपत आले होते. दुसऱ्या दिवशी राज्यघटना स्वीकृत व्हायची होती आणि मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर चर्चेला उत्तर द्यायला उभे राहिले होते. राजकारणातली विभूतिपूजा देशाला कुठे नेईल, याबद्दल त्यांनी या भाषणात दिलेला इशारा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असतो. राजकारणात समता आणि समाजात विषमता हा विरोधाभास आपण किती काळ चालवणार, हा त्यांचा प्रश्नही दर वर्षी कुठे ना कुठे उद्धृत होतो. पण याच भाषणात बाबासाहेबांनी एका परदेशी मुत्सद्द्याचा हवाला दिला होता. तिकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही.

तो मुत्सद्दी म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा थॉमस जेफर्सन. प्रत्येक पिढी हे जणू एक वेगळे राष्ट्रच असते. तिने बहुमताने स्वतःला बंधने घालून घ्यावीत, पण पुढच्या पिढीचे हात बांधण्याचा अधिकार तिला नाही, असे जेफर्सनचे म्हणणे होते. घटना बनवणाऱ्यांना या विचाराकडे पाठ फिरवता येणार नाही, असे बाबासाहेबांनी सांगितले आणि आपल्या घटनेत दुरुस्तीची वाट मोकळी का ठेवली, याचे कारण दिले.

तो जाहीरनामा ४ जुलै १७७६ चा, म्हणजे २०२६ साली त्याला अडीचशे वर्षे होतात. तो लिहिला तेव्हा जेफर्सन अवघा ३३ वर्षांचा होता. पुढे तो अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष झाला. पण सत्तेवर असणाऱ्या माणसाने सत्तेविषयी इतका अविश्वास बाळगावा, हे त्याचे वैशिष्ट्य. सरकारला काय करता येऊ नये, याचा विचार त्याने आयुष्यभर केला. तो विचार आज आपल्या काय कामाचा, हा या लेखाचा विषय.

'सेवेशी' अर्ज करणारे आपण

आपल्याकडे सरकार म्हटले की पुढचा शब्द आपोआप येतो तो 'मायबाप'. तहसील कचेरीत द्यायचा अर्ज 'साहेबांचे सेवेशी' असा सुरू व्हायचा आणि 'आपला आज्ञाधारक' असा संपायचा. राजे गेले, साहेब गेले, पण अर्जाची भाषा पुष्कळ वर्षे तशीच राहिली. मायबापापुढे हट्ट करता येतो, रुसता येते, गाऱ्हाणे मांडता येते. एक गोष्ट मात्र करता येत नाही. मायबापाकडे हिशेब मागता येत नाही.

जेफर्सनची कल्पना याच्या नेमकी उलट. त्याच्या मते सरकार म्हणजे एकत्र कुटुंबातला कारभारी. घरच्या सगळ्यांनी मिळून त्याच्या हाती किल्ल्या दिलेल्या असतात. कोणत्या खोलीची किल्ली दिली आणि कोणत्या खोलीची दिली नाही, हे लिहून ठेवलेले असते. कारभारी कितीही सज्जन असला तरी दिवाळीला वही उघडायचीच. त्याच्यावर संशय आहे म्हणून नव्हे, तर वही उघडण्याची पद्धत मोडली की पुढचा कारभारी सज्जन असेलच याची हमी नाही म्हणून.

१७८७ मध्ये अमेरिकेची राज्यघटना फिलाडेल्फियाला तयार होत होती, तेव्हा जेफर्सन पॅरिसमध्ये अमेरिकेचा वकील म्हणून राहत होता. घटनेचा मसुदा हाती आल्यावर त्याने आपला मित्र जेम्स मॅडिसन याला कळवले की, बरेच काही आवडले, पण नागरिकांच्या हक्कांची सनद कुठे आहे? सरकारला काय करता येईल हे तुम्ही लिहिलेत. काय करता येणार नाही, हेही लिहा. अशी मागणी करणारा तो एकटाच नव्हता. अखेर १७९१ च्या डिसेंबरात हक्कांची सनद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दहा दुरुस्त्या घटनेला जोडल्या गेल्या. भाषण, वृत्तपत्रे, धर्म आणि सभा यांच्या स्वातंत्र्यावर घाला घालणारा कायदा काँग्रेसला करता येणार नाही, असे त्यातल्या पहिल्याच दुरुस्तीने बजावले.

आपल्या घटनेचा तिसरा भाग हा याच वंशावळीतला. मूलभूत हक्कांना बाध आणणारा कायदा राज्याला करता येणार नाही, केलाच तर तो तेवढ्यापुरता रद्दबातल, हे तेरावे कलम सांगते. आणि बत्तिसावे कलम सामान्य नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावू देते. या कलमाला बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटले होते.

पायी आलेला अध्यक्ष

४ मार्च १८०१ रोजी जेफर्सनचा अध्यक्षपदाचा शपथविधी झाला. त्यासाठी तो आपल्या खाणावळवजा मुक्कामातून कॅपिटॉलपर्यंत चक्क पायी चालत गेला. त्या दिवशी त्याने चांगल्या सरकारची जी व्याख्या केली ती अगदी घरगुती होती. सरकारने माणसांना एकमेकांना इजा करू देऊ नये. बाकी ज्याचा त्याचा उद्योग ज्याला त्याला करू द्यावा. आणि कष्टकऱ्याने कमावलेला घास त्याच्या तोंडून काढून घेऊ नये, असा तिचा आशय.

जे सरकार कमीत कमी राज्य करते तेच उत्तम, अशा अर्थाचे एक वाक्य सर्रास जेफर्सनच्या नावावर खपवले जाते. त्याच्या लिखाणात ते कुठेही सापडत नाही. ते प्रसिद्ध झाले हेन्री डेव्हिड थोरोच्या १८४९ च्या निबंधामुळे. हा फरक नुसता पंडिती नाही. सरकार लहान असावे एवढेच जेफर्सनला म्हणायचे नव्हते. सरकार आपल्या आखलेल्या रेषेच्या आत असावे, हा त्याचा आग्रह होता. व्हर्जिनिया राज्यात मुलांसाठी सार्वजनिक खर्चाने शाळा काढाव्यात, असे विधेयक त्यानेच लिहिले होते. ते त्या रूपात मंजूर झाले नाही, पण पुढे १८१९ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठ मात्र त्याने उभे केले.

सरकारी कर्जाची तर त्याला चीडच होती. बापाने कर्ज काढायचे आणि न जन्मलेल्या नातवाने ते फेडायचे, हा कुठला न्याय, असा त्याचा सवाल. मृत्युमानाचे तक्ते घेऊन त्याने १७८९ मध्ये मॅडिसनला हिशेब मांडून दाखवला की एक पिढी साधारण १९ वर्षांत सरते. तेव्हा कर्जच काय, कायदे आणि घटनाही १९ वर्षांनी संपुष्टात याव्यात. मॅडिसन व्यवहारी माणूस. दर १९ वर्षांनी घर पाडून बांधायला घेतले तर राहायचे कधी, अशा अर्थाचे उत्तर त्याने नम्रपणे दिले. पण कर्जाबाबत जेफर्सनने शब्द पाळला. आठ वर्षांच्या कारकिर्दीत राष्ट्रीय कर्ज सुमारे ८ कोटी ३० लाख डॉलरवरून ५ कोटी ७० लाखांवर आले. तेही मद्यावरचा बदनाम करासकट सगळे अंतर्गत कर रद्द करून.

आज त्याच देशाच्या सरकारी कर्जाने २०२४ च्या अखेरीस ३६ लाख कोटी डॉलरचा आकडा ओलांडला. आपल्याकडे केंद्राच्या कर्जाला संसदेने मर्यादा घालावी, अशी तरतूद घटनेच्या २९२ व्या कलमात आहे. तुटीला लगाम घालणारा वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा मात्र २००३ मध्ये आला आणि त्याची उद्दिष्टे पुढे अनेकदा लांबणीवर पडली. निवडणुकीच्या हंगामात सगळेच पक्ष याद्या वाचत असताना 'हे फेडणार कोण?' असे विचारणारा माणूस आपल्याला अरसिक वाटतो. जेफर्सन असाच अरसिक होता.

लेखणी आणि तुरुंग

मर्यादित सत्तेची खरी परीक्षा टीका सहन करण्यात असते. १७९८ मध्ये फ्रान्सशी युद्ध होणार अशी हवा असताना अध्यक्ष जॉन ॲडम्सच्या काळात अमेरिकन काँग्रेसने एक कायदा केला. सरकार, काँग्रेस किंवा अध्यक्ष यांची बदनामी करणारे खोटे, द्वेषमूलक लिखाण छापणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड. गंमत अशी की, या यादीत उपाध्यक्षाचे नाव नव्हते. कारण उपाध्यक्ष होता विरोधी गोटातला जेफर्सन!

या कायद्याखाली व्हर्माँटचा मॅथ्यू लायन नावाचा काँग्रेस सदस्यच चार महिने तुरुंगात गेला. मतदारांनी काय करावे? तो तुरुंगात असतानाच त्याला पुन्हा निवडून दिले. जेफर्सनने पडद्याआड राहून केंटकी राज्याच्या विधिमंडळासाठी या कायद्याविरुद्ध ठराव लिहून दिले. राज्यकर्त्यांवर आंधळा विश्वास टाकणे हीच जुलमाची सुरुवात, स्वतंत्र राज्य जागरूक संशयावर उभे राहते, असे त्यांचे सार होते. अध्यक्ष झाल्यावर त्याने शिक्षा झालेल्यांना माफी दिली.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. 'केसरी'तल्या लिखाणाबद्दल लोकमान्य टिळकांना १८९७ मध्ये दीड वर्षाची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली ती राजद्रोहाच्या १२४-अ कलमाखाली. इंग्रज गेले तरी हे कलम दंडसंहितेत राहिले. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर थांबवला. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता लागू झाली, तीत राजद्रोह हा शब्द नाही. पण देशाचे सार्वभौमत्व आणि ऐक्य धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयी १५२ वे कलम आहे, आणि त्याची रेषा कुठे आखायची हा वाद चालू राहिला आहे. २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून पालघरला दोन तरुणींना अटक झाली होती. त्यातून उठलेल्या वादळाची अखेर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरण्यात झाली. टिळकांच्या छापखान्यापासून हातातल्या मोबाइलपर्यंत साधन बदलले, प्रश्न तोच राहिला.

आणि आणीबाणी? १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षस्थानावरून दुर्गाबाई भागवत निर्भयपणे बोलल्या, पुढे त्यांना तुरुंगवास घडला. त्या काळात जगण्याचा हक्कसुद्धा न्यायालयात मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये म्हटले, न्या. ह. रा. खन्ना एकटेच विरुद्ध गेले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ती फट बुजवली. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आता आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. मर्यादा कागदावर लिहून ठेवणे का महत्त्वाचे, हे आपण असे किंमत मोजून शिकलो.

तत्त्व आणि मोह

इथवर जेफर्सन आपल्याला भावतो. पण सत्ता भल्याभल्यांची परीक्षा घेते. १८०३ मध्ये नेपोलियनने लुईझियानाचा अफाट मुलूख दीड कोटी डॉलरला विकायला काढला. सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैल, म्हणजे देशाचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट. मुलूख विकत घेण्याचा अधिकार घटनेने सरकारला दिलेला नाही, हे जेफर्सनला स्पष्ट दिसत होते. त्याने घटनादुरुस्तीचा मसुदाही तयार केला. पण नेपोलियनचे मन फिरेल अशी भीती वाटताच तो बासनात गुंडाळला आणि करार मंजूर करून घेतला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांना अर्थातच कुणी विचारले नाही.

पुढे १८०७ च्या अखेरीस इंग्लंड आणि फ्रान्स यांना धडा शिकवण्यासाठी त्याने परदेशी व्यापारावरच बंदी घातली. बंदरे ओस पडली, चोरटी आयात-निर्यात वाढली. ती थांबवण्यासाठी केलेल्या कायद्याने अधिकाऱ्यांना नुसत्या संशयावरून माल जप्त करण्याची मुभा दिली. कष्टकऱ्याच्या घासाविषयी बोलणारा अध्यक्ष खलाशांच्या आणि व्यापाऱ्यांच्या तोंडचा घास काढत होता. १८०९ च्या मार्चमध्ये, त्याची कारकीर्द संपता संपता, ही बंदी उठली. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा हा पुरस्कर्ता स्वतःवर चिखलफेक झाल्यावर, राज्यांनी निवडक संपादकांवर खटले भरावेत, असेही खासगी पत्रात सुचवून गेला. सज्जन कारभाऱ्याचीसुद्धा वही का उघडायची, याचा पुरावा जेफर्सननेच आपल्या हाताने लिहून ठेवला.

टेकडीवरचे घर

यापेक्षा कितीतरी मोठा डाग आहे तो माँटिसेलोचा. व्हर्जिनियातल्या टेकडीवरचे हे देखणे घर जेफर्सनने स्वतः आराखडा करून बांधले. शेत नांगरणारे, खिळे घडवणारे, स्वयंपाक करणारे हात होते गुलामांचे. आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे त्याच्या मालकीची होती. सर्व माणसे समान आहेत, असे लिहिणाऱ्याने हयातीत आणि मृत्युपत्राने मिळून जेमतेम सात जणांना मुक्त केले. सॅली हेमिंग्ज या त्याच्या मालकीच्या स्त्रीची मुले त्याचीच होती, असे आज बहुतेक इतिहासकार मानतात.

४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याच्या बरोबर पन्नासाव्या वाढदिवशी, तो वारला. राष्ट्राच्या कर्जाची धास्ती घेणारा हा माणूस एक लाख डॉलरहून अधिक कर्ज मागे ठेवून गेला. ते फेडण्यासाठी १८२७ च्या जानेवारीत माँटिसेलोवर लिलाव पुकारला गेला, आणि लिलावाच्या मालात होती १३० माणसे. एका पिढीचे कर्ज दुसऱ्या पिढीने फेडू नये, या तत्त्वाची याहून क्रूर थट्टा कोणती? बापजाद्यांच्या नव्हे, मालकाच्या कर्जापायी आया आणि मुले वेगवेगळ्या दारी विकली गेली.

इथेच मर्यादित सरकारच्या विचाराला सर्वांत कठीण प्रश्न भेटतो. सरकारने हात आखडता घेतला की मोकळीक कुणाला मिळते? मालकाला, की गुलामाला? जेफर्सनने राज्यांच्या हक्कांची जी भाषा राजद्रोहाच्या कायद्याविरुद्ध वापरली, तीच पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी गुलामगिरी टिकवण्यासाठी वापरली. गुलामगिरी संपली ती यादवी युद्धानंतर, १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. त्यानंतरही १९५७ मध्ये लिटल रॉक गावात नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत पोहोचवण्यासाठी अध्यक्ष आयसेनहॉवरना लष्कर धाडावे लागले.

आपल्याकडे हे मर्म सर्वांत आधी ओळखले ते महात्मा जोतीराव फुले यांनी. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी अर्पण केले ते गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून अटलांटिकपलीकडच्या घडामोडीचा हा अर्थ लावणे ही साधी गोष्ट नव्हती. जुलूम फक्त सरकारच करते असे नाही. शेटजी-भटजी करतात, जात करते, गाव करते, घरातला पुरुषही करतो. आणि तेव्हा दुबळ्याच्या बाजूने उभे राहणारे कायद्याचे राज्य लागते.

मर्यादित म्हणजे दुबळे नव्हे

उतारवयात जेफर्सनला एक स्वप्न पडत असे. प्रत्येक परगण्याचे लहान लहान वॉर्ड करावेत, लोकांनी एकत्र जमून शाळा, रस्ते, गरिबांची देखभाल हे आपले आपण पाहावे, आणि जे खाली होत नाही तेवढेच वर पाठवावे. आपल्या ग्रामसभेला १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने घटनेत स्थान दिले, ते याच जातीचे स्वप्न. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, पण आमच्या गावात आम्हीच सरकार, अशी घोषणा देऊन ते प्रत्यक्षात आणून दाखवले. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले. पण गावगाडा जातीच्या विळख्यात असेल तर गावाच्या हाती सत्ता म्हणजे कुणाच्या हाती, हा बाबासाहेबांचा घटना समितीतला सवालही विसरता येत नाही. म्हणून ग्रामसभा हवी, आणि तिच्या डोक्यावर मूलभूत हक्कांचे छप्परही हवे.

सरकारच्या आकाराची चर्चा आपण पुष्कळ केली. राजाजींनी १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष काढून लायसन्स-परमिट राजवर तोफ डागली, तेव्हा त्यांना जुनाट म्हणून बाजूला सारण्यात आले. स्कूटरसाठी नंबर लावून आणि टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या पिढीला १९९१ नंतर त्यांचे म्हणणे पटले. परमिटे कमी झाली हे चांगलेच. पण कारखान्याच्या परवान्यातून हात काढून घेणारे सरकार नागरिकाच्या घरात, खिशात आणि मोबाइलमध्ये मात्र डोकावू लागले तर ते मर्यादित म्हणायचे का? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो याच प्रश्नाचा निवाडा होता.

उलट, रेशनवर धान्य देणारे, सरकारी दवाखाने चालवणारे सरकार आकाराने मोठे असेल, पण ते कायद्याने बांधलेले, न्यायालयाला उत्तर देणारे आणि हिशेब दाखवणारे असेल तर ते मर्यादितच आहे. महाराष्ट्राने २००२ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, २००५ मध्ये तो देशभर आला. २०१५ मध्ये दाखले आणि परवाने ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क देणारा लोकसेवा हक्क कायदा आपल्या राज्यात झाला. 'आपला आज्ञाधारक' लिहिणाऱ्या हाताने 'मला माहिती हवी आहे' असे लिहायला सुरुवात केली, ही लहान क्रांती नव्हे.

वृत्तपत्रांविना सरकार की सरकाराविना वृत्तपत्रे, अशी निवड करायची वेळ आली तर आपण दुसरी गोष्ट निवडू, असे जेफर्सनने लिहिले होते. त्याला जोडलेली अट मात्र क्वचितच सांगितली जाते: प्रत्येकाच्या हाती वृत्तपत्र पडले पाहिजे आणि प्रत्येकाला ते वाचता आले पाहिजे. घटना, न्यायालये, ठराव हे सगळे कुंपण झाले. राखण करणारा जागा नसेल तर कुंपणाचा उपयोग किती?

वाढलेल्या माणसाने लहानपणीचा अंगरखा घालावा असा हट्ट धरू नये, असेही तो म्हणे. त्याच्या स्वतःच्या विचारांनाही ते लागू आहे. त्याच्या अंगरख्यात गुलाम नव्हते, स्त्रिया नव्हत्या, मूळ रहिवासी नव्हते. आपल्याला तो उसवून, सर्वांना पुरेल एवढा करून घालावा लागेल. बाबासाहेबांनी तेच केले. २०२३ पर्यंत आपण घटनेत १०६ दुरुस्त्या केल्या, आणि दुरुस्तीच्या नावाखाली मूळ कापडच फाडता येणार नाही, हे केशवानंद भारती खटल्यात १९७३ मध्ये ठरले.

पुढच्या वेळी कुठलेही सरकार, मग ते आपण मत दिलेले का असेना, 'तुमच्या भल्यासाठीच' म्हणून एखादा नवा अधिकार मागेल, तेव्हा घरच्या कारभाऱ्याला विचारावे तेवढेच विचारावे. ही किल्ली कशासाठी, किती दिवसांसाठी, आणि वही कधी दाखवणार? ज्या कारभाऱ्याला या प्रश्नांचा राग येतो, त्याच्या हाती किल्ली देण्याआधी चार दिवस थांबलेले बरे.